विद्यापीठाच्या चॅटसाठी कोणतं अ‍ॅप घ्यावं? मॅट्रिक्सचा क्लायंट निवडताना

जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. 2023-24 च्या हिवाळी सत्रात तो 49 हजारांच्या वर गेला होता. महाराष्ट्रातून गेलेली मुलंही त्यात आहेत. नावनोंदणी झाली की विद्यापीठाचं लॉगिन हातात पडतं. त्यावर ईमेल, वायफाय आणि परीक्षेचं पोर्टल चालतं, आणि काही विद्यापीठांत चॅटही. ड्रेस्डेनचं तांत्रिक विद्यापीठ, म्हणजे टीयू ड्रेस्डेन, अशांपैकी एक. तिथली चॅट व्यवस्था ‘मॅट्रिक्स’वर चालते.

गोंधळ सुरू होतो तो यानंतर. अ‍ॅप स्टोअरमध्ये मॅट्रिक्स शोधलं तर एलिमेंट, एलिमेंट एक्स, फ्लफीचॅट, शिल्डीचॅट अशी नावं समोर येतात. यातलं विद्यापीठाचं कुठलं? सगळीच चालतात, आणि विद्यापीठाचं स्वतःचं असं त्यात एकही नाही. वर्गाचा ग्रुप, प्रयोगशाळेचा ग्रुप, प्राध्यापकांशी बोलणं हे सगळं पुढची दोन-तीन वर्षं याच जागी होणार असेल, तर पहिल्या दिवशी दिसेल ते अ‍ॅप टाकून मोकळं होणं महागात पडू शकतं. कसं, ते पाहू.

## मॅट्रिक्स म्हणजे अ‍ॅप नव्हे

मॅट्रिक्स हा संदेश कसे पाठवायचे, कसे साठवायचे याचा खुला नियमसंच आहे. त्याचं काम 2014 मध्ये सुरू झालं आणि 1.0 ही पक्की आवृत्ती जून 2019 मध्ये आली. हे नियम पाळणारा सर्व्हर कुणीही चालवू शकतं. फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘चॅप’ नावाची व्यवस्था याच पायावर उभी केली. जर्मन सैन्याचा मेसेंजरही मॅट्रिक्सवर आहे, आणि जर्मनीतल्या दवाखान्यांना नि डॉक्टरांना जोडणाऱ्या मेसेंजरसाठी हाच नियमसंच निवडला गेला.

विद्यापीठ सांभाळतं तो सर्व्हर. तुमच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर चालणारा, संदेश दाखवणारा आणि पाठवणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. ईमेलमध्ये हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे: पत्ता एक, पण तो कुणी थंडरबर्डमध्ये उघडतं, कुणी आउटलुकमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सर्व्हर आणि अ‍ॅप एकाच कंपनीचं असल्यामुळे हा फरक कधी जाणवतच नाही.

मॅट्रिक्सवरच्या तुमच्या ओळखीचे दोन भाग असतात. आधी ‘@’ आणि तुमचं नाव, मग अपूर्णविराम आणि विद्यापीठाचा डोमेन. कुठलाही क्लायंट पहिल्यांदा उघडला की तो ‘होमसर्व्हर’ विचारतो आणि तिथे बहुधा मॅट्रिक्स डॉट ओआरजी हे नाव आधीच भरलेलं असतं. ते पुसून आपल्या विद्यापीठाचा पत्ता घालायचा. इथेच पहिली गफलत होते. आधीचं नाव तसंच ठेवून लॉगिन केलं की ‘पासवर्ड चुकीचा’ असं उत्तर येतं आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. पासवर्ड बरोबरच असतो, दार दुसऱ्याच सर्व्हरचं असतं. पत्ता घालूनही क्लायंटला सर्व्हर सापडला नाही, तर विद्यापीठाच्या मदतपानावर दिलेला सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहावा.

## निवड रंगरूपावर का करू नये

अ‍ॅपचं दिसणं चार दिवसांत सवयीचं होतं. त्रास होतो तो कूटबद्धतेच्या किल्ल्यांचा. म्हणून हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

कूटबद्धता म्हणजे संदेश तुमच्या यंत्रावरच कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या यंत्रावरच उघडतो. मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. मॅट्रिक्समध्ये कुलूप माणसागणिक नसतं, यंत्रागणिक असतं. तुमचा फोन, तुमचा लॅपटॉप आणि ग्रंथालयातल्या संगणकावर उघडलेली ब्राउझरची खिडकी ही तीन वेगळी यंत्रं. एकाच फोनवर दोन क्लायंट टाकले तर तीही दोन यंत्रं मोजली जातात.

कूटबद्ध रूममध्ये (मॅट्रिक्सवर ग्रुपला किंवा दोघांच्या संवादाला ‘रूम’ म्हणतात) तुम्ही लिहिता तेव्हा तुमचा क्लायंट एक किल्ली तयार करतो आणि त्या क्षणी रूममध्ये असलेल्या सर्वांच्या सर्व यंत्रांना ती पोचवतो. ही किल्लीही कायमची नसते. ठरावीक संदेशांनंतर किंवा ठरावीक काळानंतर नवी तयार होते. नेहमीची मर्यादा 100 संदेश किंवा एक आठवडा. उद्या तुम्ही नवा फोन घेतलात तर तो कालच्या किल्ल्या वाटल्या गेल्या तेव्हा हजर नव्हता. म्हणून नव्या फोनवर रूम दिसते, माणसं दिसतात, पण जुन्या प्रत्येक संदेशाच्या जागी ‘हा संदेश उलगडता येत नाही’ एवढंच दिसतं.

यावर उपाय केलेला आहे. तुमच्या यंत्रांकडे जमलेल्या किल्ल्यांचा जुडगा सर्व्हरवर एका बंद कपाटात टांगून ठेवता येतो आणि त्या कपाटाची एक वेगळी किल्ली तुमच्याकडे राहते. हिलाच ‘रिकव्हरी की’ म्हणतात; जुन्या आवृत्त्यांत ‘सिक्युरिटी की’ असं नाव दिसेल. कपाट विद्यापीठात आहे, पण ते उघडणं विद्यापीठाच्याही हातात नाही.

क्लायंट निवडताना पहिला प्रश्न त्यामुळे असा हवा: हा प्रोग्रॅम किल्ल्यांचा हा साठा नीट करतो का, आणि दुसऱ्या यंत्राची खातरजमा करू देतो का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल, तर तो क्लायंट कितीही हलका आणि देखणा असला तरी तो मुख्य म्हणून घेऊ नये.

## पहिल्या दिवशी, याच क्रमाने

सुरुवात लॅपटॉपवर करावी. एलिमेंटची डेस्कटॉप आवृत्ती टाकावी, होमसर्व्हर बदलावा, लॉगिन करावं. मग सेटिंग्जमध्ये ‘एन्क्रिप्शन’ या भागात जाऊन रिकव्हरी सुरू करावी. जुन्या आवृत्तीत हेच ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’मध्ये ‘सिक्युअर बॅकअप’ नावाने सापडतं. तिथे 48 अक्षरांची की मिळते, चार-चार अक्षरांच्या 12 गटांत मांडलेली. ती पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावी आणि शिवाय कागदावरही लिहावी. लिहिताना लहान-मोठ्या लिपीचा फरक पाळावा लागतो. शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल ही एकमेकांत मिसळणारी चिन्हं त्यात मुद्दामच वापरलेली नसतात, त्यामुळे गोलाकार काही दिसलं तर ते शून्य किंवा मोठा ओ नक्की नाही. गटांमधली मोकळी जागा सोडली तरी चालते.

फोनवर लॉगिन यानंतर करायचं. तो लगेच ‘हे यंत्र तुमचंच आहे ना’ असं विचारेल. लॅपटॉप शेजारी उघडा ठेवून ‘दुसऱ्या यंत्रावरून खातरजमा’ हा पर्याय निवडावा. दोन्ही पडद्यांवर सात चित्रं येतात: समजा हत्ती, छत्री, सायकल, मका, घंटा, कात्री, रॉकेट. चित्रं तीच आणि क्रमही तोच असेल तर दोन्हीकडे ‘जुळतात’ दाबायचं. ही चित्रं 64 च्या ठरलेल्या संचातून येतात, त्यामुळे मध्ये कुणी तिसरा घुसला असेल तर सातही जुळणं जवळपास अशक्य. लॅपटॉप जवळ नसेल तर इथेच ती 48 अक्षरं घालता येतात.

या पडद्यावर ‘रीसेट’ असंही एक बटण असतं आणि घाईत बोट तिकडे जातं. ते दाबू नये. रीसेट केलं की नवी ओळख तयार होते, जुनं कपाट निरुपयोगी होतं आणि तुमच्याशी बोलणाऱ्यांना ‘या व्यक्तीची ओळख बदलली आहे’ असा इशारा जाऊ शकतो. रिकव्हरी की खरोखर हरवली आहे आणि एकही लॉगिन केलेलं यंत्र हाताशी नाही, तेव्हाच हा मार्ग.

## मग घ्यायचं कुठलं?

लॅपटॉपवर, विशेष कारण नसेल तर, एलिमेंट डेस्कटॉप. त्याला मेमरी जास्त लागते, कारण आत एक अख्खा ब्राउझर चालतो. 4 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ते जड जाईल. पण एक सोय अशी आहे की तिच्यासाठी हे ओझं सोसावं. कूटबद्ध रूममधले संदेश सर्व्हरला वाचता येत नाहीत, म्हणून सर्व्हर त्यात शोधूही शकत नाही. डेस्कटॉप आवृत्ती आपल्याच लॅपटॉपवर शोधसूची बांधते, त्यामुळे ‘असाइनमेंट’ असा शब्द टाकला तर मार्चमधला संदेशही सापडतो. हेच एलिमेंट ब्राउझरमध्ये उघडलं तर कूटबद्ध रूममधला शोध चालत नाही. सत्राच्या शेवटी हा फरक फार जाणवतो.

फोनसाठी एलिमेंटचीच दोन अ‍ॅप आहेत आणि गोंधळाचं मोठं कारण तेच आहे. एलिमेंट एक्स हे नव्याने लिहिलेलं अ‍ॅप आहे. ते झटकन उघडतं, शेकडो रूम असल्या तरी अडखळत नाही. पण त्यासाठी सर्व्हरने समक्रमणाची, म्हणजे अ‍ॅपशी संदेश जुळवून घेण्याची, नवी पद्धत चालवायला हवी. सिनॅप्स या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये ती 2024 मध्ये आली. विद्यापीठाचा सर्व्हर त्याहून जुना असेल तर एलिमेंट एक्स लॉगिनच्या वेळीच अडून बसतं. दुसरी अडचण कॉलची. एलिमेंट एक्सची कॉल व्यवस्था वेगळी आहे; जुन्या एलिमेंटवरून जुन्या पद्धतीने केलेला कॉल त्याच्यावर वाजत नाही. तुमच्या प्रयोगशाळेत सगळे जुन्या अ‍ॅपवरून एकमेकांना कॉल करत असतील, तर बदल करण्याआधी त्यांना विचारा. ही दोन विघ्नं नसतील तर फोनवर एलिमेंट एक्स घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्लफीचॅट हा चांगला दुसरा पर्याय. मांडणी व्हॉट्सअ‍ॅपच्या जवळची आहे, एकाच अ‍ॅपमध्ये विद्यापीठाचं आणि खासगी अशी दोन खाती ठेवता येतात, किल्ल्यांचा साठा आणि खातरजमा दोन्ही आहेत. मात्र विभागाच्या रूममध्ये चर्चा थ्रेडमध्ये, म्हणजे एखाद्या संदेशाखालच्या वेगळ्या उपचर्चेत चालत असेल, तर आपल्या आवृत्तीत थ्रेड नीट दिसतात का ते आधी पाहावं. ते वेगळे न दिसणाऱ्या क्लायंटमध्ये उत्तरं मुख्य प्रवाहात विखरून पडतात आणि कुणी कशाला ‘हो’ म्हटलं तेच कळत नाही.

बाकीचे गरजेपुरते. लिनक्सवर हलकं काही हवं असेल तर नेको, गनोम डेस्कटॉपवर फ्रॅक्टल, केडीईवर निओचॅट. थंडरबर्डमध्ये 102 या आवृत्तीपासून, म्हणजे 2022 पासून, मॅट्रिक्स अंगभूत आहे. ईमेलशेजारी दोन-चार रूम वाचायला पुरतं, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. लिनक्सवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर क्लायंटला दोष देऊ नका. नोटो कुटुंबातला देवनागरी फाँट टाकला की काम होतं.

## सूचना वेळेवर येत नाहीत, हा अ‍ॅपचा दोष का?

बहुतेकदा नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधलं अ‍ॅप गूगलच्या यंत्रणेतून सूचना घेतं. तेच अ‍ॅप एफ-ड्रॉइड या मुक्त भांडारातून घेतलं तर ती यंत्रणा त्यात नसते; मग एकतर युनिफाइडपुश या पद्धतीचं जोडअ‍ॅप, उदाहरणार्थ एनटीएफवाय, टाकावं लागतं किंवा अ‍ॅपने स्वतःच अधूनमधून सर्व्हरला विचारायचं, ज्यात बॅटरी जाते आणि सूचना उशिरा येतात. दुसरं कारण फोनची बॅटरी वाचवण्याची सेटिंग. स्वस्त फोनमध्ये ती फार आक्रमक असते आणि मागे चालणारं अ‍ॅप बंद करून टाकते. त्या अ‍ॅपपुरती ती काढून टाकावी.

गूगलला संदेश दिसतो का, असं विचारलं जातं. एलिमेंटच्या सूचनेत फक्त रूमचा आणि संदेशाचा क्रमांक जातो. तो मिळाल्यावर फोन स्वतः सर्व्हरकडून संदेश आणतो आणि उघडतो.

## विद्यापीठ आमचं बोलणं वाचू शकतं का?

कूटबद्ध रूममधला मजकूर, फोटो, फाइल नाही. पण रूमचं नाव, विषय, सदस्य कोण, कुणी कधी संदेश पाठवला आणि संदेशावर दिलेल्या इमोजी प्रतिक्रिया हे कूटबद्ध नसतं, ते सर्व्हरला दिसतं. रूमचं नाव ठेवताना एवढं ध्यानात असू द्यावं. सार्वजनिक रूम तर सहसा कूटबद्ध नसतातच, आणि शेकडो लोकांच्या रूममध्ये त्याचा फारसा अर्थही नसतो. क्लायंट बदलल्याने यात काही फरक पडत नाही. फाइलच्या आकाराचंही तेच: सिनॅप्सची मूळ मर्यादा 50 एमबी आहे, विद्यापीठ ती कमी-जास्त करू शकतं, अ‍ॅप नाही.

## हे सगळं करण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप काय वाईट?

मित्रांसाठी काहीच वाईट नाही. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरण्यासाठी आपला फोन नंबर अनोळखी दोनशे जणांसमोर ठेवावा लागतो. मॅट्रिक्सला नंबर लागत नाही. युरोपातले माहिती-संरक्षणाचे नियम कडक असल्याने शिक्षक आणि कर्मचारी कामाचं बोलणं तिथे करायला कचरतात. प्राध्यापक ज्या रूममध्ये उत्तर देणार आहेत, तिथे आपण असलेलं बरं. शिवाय ड्रेस्डेनच्या ओळखीने दुसऱ्या विद्यापीठाच्या मॅट्रिक्स सर्व्हरवरच्या माणसाशीही बोलता येतं, दोन्ही सर्व्हर तसं जोडू देत असतील तर.

## अनोळखी अ‍ॅपमध्ये विद्यापीठाचा पासवर्ड घालायचा?

शंका रास्त आहे, कारण त्याच पासवर्डवर ईमेल आणि परीक्षेचं पोर्टल उघडतं. वर नाव घेतलेल्या क्लायंटचा सोर्स कोड खुला आहे, तरी डाउनलोड अधिकृत स्टोअर, एफ-ड्रॉइड किंवा लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातूनच करावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेवटचा अपडेट कधी आला ते पाहावं. पूर्वी बहुतेक क्लायंट कूटबद्धतेसाठी लिबओल्म नावाची लायब्ररी वापरत. मॅट्रिक्सच्या मंडळींनी ती 2024 मध्ये कालबाह्य ठरवली आणि रस्ट भाषेतली व्होडोझेमॅक तिच्या जागी आणली. वर्षभरात ज्याला एकही अपडेट नाही, तो क्लायंट टाळावा.

ग्रंथालयाच्या संगणकावर फक्त ब्राउझर आवृत्ती वापरावी आणि उठताना ‘साइन आउट’ करावं. नुसता टॅब बंद केल्याने ते यंत्र तुमच्या खात्याला जोडलेलंच राहतं. चुकून राहिलंच, तर दुसऱ्या यंत्रावर सेटिंग्जमधली सेशनची यादी उघडून तिथून ते काढता येतं. उलट स्वतःच्या लॅपटॉपवर केवळ ब्राउझरवर विसंबू नये: साइटचा डेटा साफ केला की लॉगिन आणि किल्ल्या दोन्ही एकदम जातात.

## सुट्टीत भारतात आल्यावर

मे 2023 मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचं कारण देऊन 14 मेसेजिंग अ‍ॅप रोखली, आणि माध्यमांत आलेल्या त्या यादीत एलिमेंटचं नाव होतं. म्हणून ‘घरी पोचल्यावर नव्या फोनवर टाकू’ असं ठेवू नका. जे लावायचं आणि पडताळायचं ते निघण्याआधी उरकावं, आणि थीसिसच्या मार्गदर्शकांना पर्याय म्हणून ईमेल सांगून ठेवावा.

## पदवी मिळाल्यावर खात्याचं काय?

नावनोंदणी संपली की लॉगिन बंद होतं आणि त्याबरोबर मॅट्रिक्सचं खातंही. खातं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येत नाही. दुसऱ्या सर्व्हरवर खासगी खातं काढून ते रूममध्ये घेता येईल, पण त्या खात्याकडे जुन्या किल्ल्या नसल्यामुळे आधीचे कूटबद्ध संदेश त्याला वाचता येणार नाहीत. यासाठी एलिमेंटच्या डेस्कटॉप किंवा ब्राउझर आवृत्तीत रूमच्या माहितीखाली ‘एक्स्पोर्ट चॅट’ आहे. एचटीएमएल हा प्रकार निवडावा, तो कुठल्याही ब्राउझरमध्ये वाचता येतो. किती संदेश आणि जोडलेल्या फाइल घ्यायच्या का, हे तिथेच ठरवावं. आकाराची मर्यादा लहान ठेवली तर शेवटच्या फाइल गळतात.

आणि ज्या रूमचे तुम्ही एकटेच अ‍ॅडमिन आहात, त्यात मागे राहणाऱ्या कुणाला तरी आधी अ‍ॅडमिन करा. तुमचं खातं बंद झाल्यावर त्या रूममध्ये बोलणं चालू राहतं, पण तिच्या परवानग्या बदलणं किंवा नवा अ‍ॅडमिन नेमणं कुणालाच जमत नाही. पुढच्या तुकडीला नवी रूम काढून सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागतं.